बिनस्लिपचं हरीण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले पंधरा-वीस दिवस आपल्या वाचकांच्या पत्रांत सागरेश्वर अभयारण्यातून उतरून पिकं खाणाऱ्या हरणांवरून जुंपली आहे. मी ती पत्रं रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. एका शेतकरी बंधूंनी लिहिलं, अमेरिकेत सरकारच हरणं मारायचे परवाने वाटतं, मग आम्हालाच बंदी का? त्यावर एका भगिनींनी विचारलं, उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं जगवून ज्यांनी हे अभयारण्य उभं केलं, त्यांच्या कष्टावर आता गोळ्या झाडायच्या का? तिसरं पत्र कवितेत होतं, ते सोडून देतो.

म्हटलं, आपणही लिहावं. अमेरिकेत हरीण मारतात ते मी जवळून बघितलंय, आणि सागरेश्वरचं कुंपण माझ्या धाकट्या भावाच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे. दोन्हीकडचं बघितलेला माणूस आपल्या पत्रलेखकांत अजून आलेला दिसत नाही. पत्र लांबेल. कापायचंच झालं तर सुरुवातीचं कापा, शेवटचं कापू नका.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती खात्यात ३४ वर्षं स्लिपबॉय होतो. नोकरीला लागलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, रिटायर झालो तेव्हा मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण कागदावर शेवटपर्यंत बॉयच. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणाच्या रानात किती गुंठे ऊस, लागण कधीची, जात कोणती, आडसाली की खोडवा, हे सगळं आम्ही बांधावर जाऊन लिहायचं. त्यावरून तोडीचा कार्यक्रम लागतो, टोळी जाते, तोडचिठ्ठी म्हणजे स्लिप फाटते, ट्रॉली काट्यावर चढते. चिठ्ठी नसलेली ट्रॉली काट्यावर चढत नाही, मग ती कोणाचीही असो. चेअरमनच्या साडूची ट्रॉली मी एकदा रात्रभर यार्डात उभी ठेवली होती. त्यापायी माझी बदली झाली, तो विषय वेगळा.

मुलगी आणि जावई पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतात. मागच्या वर्षी दिवाळी उरकून मी आणि आमची मंडळी तिकडे गेलो. तिथं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो आणि त्यानंतरच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा हंगाम उघडतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा, आणि खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळा त्या दिवशी बंदच असायच्या. आपल्याकडे बेंदराला वर्गात पोरं नसतात, त्यातलीच गत. २०१९ पासून सोमवारचा शनिवार झाला.

मुलीच्या शेजारी एक म्हातारा राहतो, माझ्याच वयाचा, ट्रक चालवून रिटायर झालेला. त्या शनिवारी पहाटे गाडीचा आवाज आला म्हणून मी खिडकीतून बघितलं. डोक्याला नारिंगी टोपी, अंगात नारिंगी जाकीट, म्हसोबाला शेंदूर फासावा तसा. नातीनं सांगितलं की ही हौस नाही, नियमच आहे. डोकं, छाती आणि पाठ मिळून निदान २५० चौरस इंच तरी भडक नारिंगी कापड अंगावर दिसलं पाहिजे, म्हणजे दुसरा शिकारी चुकून माणसालाच गोळी घालणार नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बंदूक चालवायची, पुढं नाही.

साडेदहा-अकराला तो परत आला आणि मला हात करून बोलावलं. माझं इंग्रजी कारखान्याच्या फॉर्मपुरतं, म्हणून नातीला पुढं घातली. ती अकरा वर्षांची आहे, मराठी समजतं, बोलताना अडखळते. गाडीच्या हौद्यात नर पडला होता. आपल्या चितळाएवढाच, अंगावर ठिपके नाहीत, शेपटी खालून पांढरीफेक. मी माळकरी माणूस. रक्त दिसलं तसा दोन पावलं मागं सरलो.

मग त्याच्या कानाकडं लक्ष गेलं. कानाला चीर पाडून त्यातनं सुतळी ओवली होती, आणि सुतळीला एक चिठ्ठी बांधली होती. बॉलपेननं भरलेली. तारीख, वेळ, जिल्हा, शिंगांना किती टोकं. चिठ्ठी दिसली की माझे पाय आपोआप पुढं जातात, ही ३४ वर्षांची खोड. मी हौद्यावर वाकून ती वाचायला लागलो तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही तर घाबरला होता ना?"

म्हाताऱ्यानं सगळं हौसेनं सांगितलं. ही चिठ्ठी त्याच्या परवान्याबरोबरच येते. जनावर पडलं की ते जागेवरून हलवायच्या आधी चिठ्ठी भरायची आणि कानाला बांधायची. आधी गाडीपर्यंत ओढून नेऊ आणि मग लिहू, हे चालत नाही. मांस कापून घरात जाईपर्यंत चिठ्ठी कानालाच राहिली पाहिजे. शिंगवाला नर एका माणसाला वर्षाला एकच. मादी मारायची तर वेगळा परवाना, तोही ठरावीक भागापुरता. राज्याचे तुकडे पाडलेले आहेत आणि दर तुकड्याला मादीचे परवाने किती द्यायचे याचा आकडा दरवर्षी नव्यानं ठरतो. वापरलेली चिठ्ठी पुन्हा चालत नाही. मी म्हटलं, अरे, ही तर तोडचिठ्ठीच झाली.

आणि खरोखरच त्या चिठ्ठीवर 'मारलं' असा शब्द मला कुठं दिसला नाही. शब्द आहे 'हार्वेस्ट'. नात म्हणाली, हार्वेस्ट म्हणजे काढणी. हरणाची काढणी! मंडळींना हे सांगितलं तर त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. मलाही हा शब्द पटलेला नाही. जोंधळा आपण पेरतो म्हणून आपण काढतो. हरीण कोणी पेरलं? पण मग कळलं की तिथली हरणंही एका अर्थानं पेरलेलीच आहेत. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी त्या राज्यात बेसुमार शिकारीनं हरीण जवळजवळ संपलं होतं. १८९५ साली त्यासाठी खास खातं काढलं, गेम कमिशन. १९०६ पासून मिशिगनवरून हरणं आणून सोडली. ज्यांनी संपवली त्यांच्याच नातवंडांनी आणून सोडली, आणि आता पतवंडं चिठ्ठी बांधून मारतात. आपल्या सागरेश्वरलाही सांबरं, चितळं, काळविटं बाहेरून आणून वाढवली आहेत, हे आमच्या वयाच्या लोकांना ठाऊक आहे. वृक्षमित्र धों. म. मोहित्यांची जिद्द नसती तर तिथं आज कुसळंच असती.

पुन्हा चिठ्ठीकडं येतो. कानाला बांधली म्हणजे काम संपलं असं नाही. दहा दिवसांच्या आत खात्याला कळवायचं असतं. फोन करून कळवा, नाहीतर कॉम्प्युटरवर, नाहीतर छापील कार्ड टपालात टाका. आमच्या शेजाऱ्यानं संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून चहा थंड व्हायच्या आत ते उरकलं. नर की मादी, कुठल्या भागात, कुठल्या तारखेला, कशानं मारलं. जबाब नाही, पंच नाहीत, सह्या नाहीत.

मी नातीकरवी विचारलं, सगळे कळवतात का हो असं? त्यावर तो जे हसला, ते हसू मी आपल्याकडं बिगरनोंदीचा ऊस निघाला की शेतकऱ्याच्या तोंडावर बघितलेलं आहे. नाही कळवत, म्हणाला. पुष्कळ लोक मारतात, खातात आणि विसरतात. पण खात्याला ते माहीत असतं.

कसं माहीत असतं ते मला दोन दिवसांनी दिसलं. तो मला त्या हरणाचं मांस करून देणाऱ्या खाटकाकडं घेऊन गेला. मी बाहेरच थांबणार होतो, पण थंडी अशी होती की माळ बाजूला ठेवून आत जावं लागलं. शेडमध्ये हरणं ओळीनं पडलेली. मी मोजली, ३७. प्रत्येकाच्या कानाला चिठ्ठी. गेम कमिशनची दोन तरुण पोरं टॉर्च घेऊन एकेका हरणाचा जबडा उघडून दात बघत होती आणि वहीत लिहीत होती. दातावरून वय काढतात. खरसुंडीच्या बाजारात आम्ही बैलाचं हेच करतो. आदत, दोनदाती, चौसा, जुळलेला. मी त्या पोरांना खुणेनं दात दाखवून सांगायला गेलो, त्यांना काय कळलं कोण जाणे, पण हसली बिचारी.

ती पोरं वयाबरोबर चिठ्ठीही लिहून घेतात. नंतर त्यांच्या कचेरीत बघतात की शेडमध्ये सापडलेल्या या हरणांपैकी किती हरणांची खबर आपल्याकडं आली होती. समजा शंभर हरणं शेडमध्ये बघितली आणि त्यातल्या तीसच लोकांनी कळवलेलं निघालं, तर त्यांना समजतं की शंभरात तीसच खरं बोलतात. मग आलेल्या सगळ्या खबरा त्या हिशोबानं वाढवून राज्यात खरी किती हरणं पडली त्याचा अंदाज काढतात. पुढच्या वर्षीचे परवाने ठरवताना हाच अंदाज समोर ठेवतात. माणसं लबाडी करणार हे धरूनच हिशोब मांडलेला आहे. आमच्या शेती खात्यात असा एक माणूस असता तर बिगरनोंदीच्या उसावरून दरवर्षी होणारी बोंबाबोंब झाली नसती.

गाडीखाली येऊन मेलेलं हरीणसुद्धा तिथं सुटत नाही. ते खायला न्यायचं असेल तर नेता येतं, पण २४ तासांच्या आत खात्याला फोन करून नंबर घ्यायचा. नंबर फुकट मिळतो. शिंगं मात्र खात्याला परत. शिवाय २०१२ सालापासून त्या राज्यात हरणांच्या मेंदूचा एक रोग आहे, जनावर खंगत खंगत मरतं. रोगाच्या पट्ट्यातली मुंडकी तपासणीसाठी टाकायला रस्त्याकडेला लोखंडी पेट्या ठेवल्या आहेत. मुंडकं टाकताना कानाची चिठ्ठी तशीच ठेवायची, म्हणजे रोग निघाला तर कोणत्या रानातला आणि कोणाला कळवायचं ते समजतं. चिठ्ठी नसेल तर ते नुसतं मुंडकं.

ज्या बंधूंनी 'अमेरिकेत मारतात' असं लिहिलं त्यांनी यातलं मारणं तेवढं उचललं. खरं सांगायचं तर तिथं मारणं हा त्या सगळ्या प्रकारातला सर्वांत छोटा भाग आहे. गोळी क्षणात सुटते. त्याआधी परवाना आणि त्यानंतर चिठ्ठी, खबर, शेड, दात, हिशोब. आणि ज्या भगिनींनी 'गोळ्या झाडायच्या का' असं विचारलं त्यांना मी विचारतो, ताई, आपल्याकडं न झाडताही मरतात ती हरणं कोणाच्या वहीत आहेत?

सागरेश्वर जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. ताकारी योजनेचं पाणी आलं आणि खाली देवराष्ट्र्यापासून कुंडलपर्यंत ऊस, द्राक्ष, सोयाबीन, मका असं बारमाही हिरवं झालं. उन्हाळ्यात वर डोंगरात वाळकं गवत आणि खाली हिरवीगार ताटं. हरणानं कुंपणात बसून राहावं अशी अपेक्षा हरणाकडून करायची म्हणजे कमालच. जाळी जिथं फाटली असेल, ओघळानं जिथं खाली वाट झाली असेल, तिथनं ती रात्री उतरतात. हरभऱ्याचे शेंडे असे खुडतात की भाजीला बाया लावल्यात असं वाटावं. लोक काय करतील? जुन्या साड्या बांधल्या, डबे वाजवले, बुजगावणी केली, ज्याला परवडलं त्यानं झटका मशीन बसवलं, ज्याला नाही परवडलं त्यानं काय केलं ते मी इथं लिहीत नाही. पण तारेच्या फासात, विहिरीत, रस्त्यावर, कुत्र्यांच्या तोंडी हरणं जातात हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

त्यातलं एक माझ्या भावाच्या विहिरीत पडलं. साल २०१९, मार्गशीर्ष. मोटर सुरू करायला म्हणून भाऊ पहाटे विहिरीवर गेला आणि तसाच परत येऊन मला उठवलं. बॅटरी मारून बघितलं तर पाण्यावर चितळाची मादी तरंगत होती. रात्रभर पोहली असणार. विहिरीच्या दगडी बांधकामाला खुरांचे ओरखडे होते, पाण्यापासून हातभर वर, सगळीकडनं गोल. एक पायरी असती तर वर आली असती. दोर सोडून काढली. उजवा कान फाटलेला, जुनीच जखम, भरून आलेली. पोट हाताला लागलं तेव्हा मंडळी म्हणाली, गाभण आहे हो.

माझ्या तोंडून गेलं, वनखात्याला कळवू. भाऊ म्हणाला, "आप्पा, गप बस. फॉरेस्टचं लफडं पाठीमागं लागलं तर सुटत नाही. विहिरीला कठडा का नाही म्हणतील, तूच ढकललंस म्हणतील. तू दिवसभर कोर्टात जाऊन बसणार हाईस का?" त्याच्याजवळ एक जण उभा होता, तो म्हणाला, वाया कशाला घालवताय? त्याला मी हाकलला. पण कळवायचं काय, यावर भावापुढं माझंही तोंड बंद झालं. उजाडायच्या आत बांधाच्या कडेला खड्डा काढला, मीठ टाकलं आणि पुरलं. पुढच्या खरिपात त्या जागेवर तूर पुरुषभर वाढली.

३४ वर्षांत मी एक ट्रॉली बिनस्लिपची जाऊ दिली नाही, आणि ही गेली. त्या हौद्यातल्या हरणाचा कान बघताना मला विहिरीतला हाच कान दिसत होता. तिथं माणूस हरीण मारून ताठ मानेनं फोन करतो, आणि आम्ही न मारता चोरासारखं पुरतो. यात माझ्या भावाला दोष देऊ नये. तो घाबरट नाही, त्यानं बिबट्याच्या तोंडातनं शेळी सोडवलेली आहे. पण त्याला कागदाची भीती आहे, आणि ती त्याला कुठल्या पुस्तकातनं आलेली नाही.

परत आल्यावर वकिली करणाऱ्या पुतण्याला म्हटलं, आपल्या कायद्यात काय आहे ते मला मराठीत सांग. त्यानं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ काढला. त्यातलं ३९ वं कलम असं सांगतं की, मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता आहे. आणि ती मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल त्यानं ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं आहे. म्हणजे पेनसिल्व्हेनियात जे आहे ते आपल्याकडंही आहे, गेली पन्नास वर्षं आहे! एवढंच नाही, पुतण्यानं आणखी एक गंमत दाखवली. १९७२ च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते आणि १० वं कलम मारलेल्या जनावरांची नोंद ठेवण्याबद्दलच होतं. १९९१ च्या दुरुस्तीत परवाने गेले, ते बरंच झालं, आणि त्यांच्याबरोबर १० वं कलमही गेलं. शिकार थांबली म्हणजे हरीण मरायचं थांबलं, असं कोणाला वाटलं असेल काय?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, शिकारीला परवानगी द्या की न द्या हा वाद आत्ता घालूच नका. घालायला आपल्याकडं आकडेच नाहीत. किती हरणं आहेत याची गणती होते, पाणवठ्यावर माणसं बसवतात, त्याच्या बातम्या आपण छापता. पण वजाबाकीची वही कुठं आहे? किती बुडाली, किती फासात गेली, किती गाडीखाली आली, कुठल्या गावच्या हद्दीत, कुठल्या महिन्यात? ही वही असती तर कुठल्या पंचवीस विहिरींना कठडा हवा आणि कुठल्या वळणावर गतिरोधक हवा हे बंदूक न उचलताच कळलं असतं. पीक नुकसानीचा अर्जही मग एकट्या शेतकऱ्याच्या शब्दावर उभा राहणार नाही. या ओढ्याला वर्षात आठ मेलेली सापडली म्हणजे जिवंत ऐंशी तरी उतरत असतील, एवढं साधं गणित पंचनाम्याला आलेल्या माणसालाही करता येईल.

रानडुकराचं तर विचारूच नका. पिकात शिरलेलं डुक्कर मारायला अटी घालून परवानगी मिळायची सोय आहे, म्हणजे आपल्याकडंही एका जनावराची 'काढणी' कायद्यानं होऊ शकते. पण परवानगीवर मारलेल्या डुकराच्या कानाला चिठ्ठी बांधलेली मी बघितलेली नाही, आणि आपल्या हद्दीत वर्षात किती मारली गेली हे पंचायतीच्या फलकावरही कधी वाचलेलं नाही. एका परवान्यावर एक पडलं की पाच, हे देवाला माहीत. सुरुवात इथनंच करता येईल. परवानगीच्या कागदाबरोबरच नंबर घातलेली चिठ्ठी द्या. जनावर हलवायच्या आधी बांधा. सुतळी गावात मिळते.

हरणाचं मात्र वेगळं. तिथं मारणारा नाही, सापडणारा आहे, आणि त्याला घाबरवून चालणार नाही. वनखात्याचा १९२६ हा फोन नंबर आहेच. त्यावर मेलेलं जनावर कळवलं की पलीकडून एक नोंद क्रमांक मिळावा, आणि ४८ तासांच्या आत ज्यानं स्वतः होऊन कळवलं त्याला पहिल्या झटक्यात संशयित धरू नये, एवढी एक ओळ वरिष्ठांनी खाली लेखी पाठवावी. संशय घ्यायला जागा असली तर घ्या, गोळीची खूण असली, फास असला तर जरूर घ्या. पण विहिरीत बुडालेल्या हरणापायी विहिरीच्या मालकाचा दिवस मोडू नका. ज्यांना फोन करायचा नाही त्यांच्यासाठी पोलीस पाटलाकडे वही असावी. कोतवाल बुकात एके काळी गावातला माणूस जन्मला-मेला लिहीत असत. त्यात हरणालाही एक पान मिळालं तर बिघडत नाही. आणि महिन्याच्या महिन्याला तो आकडा आपल्या पेपरात, धरणाच्या पाणीसाठ्याच्या चौकटीखाली, एका ओळीत छापायला आपल्याला फार जागा लागणार नाही.

माणसं लबाडी करतील, खरं आहे. पेनसिल्व्हेनियातलीही करतात. तिथल्या त्या दोन पोरांसारखी दोन पोरं आपण ठेवावीत. हॉटेलात, धाब्यावर, विहिरीवर फिरून चार गोष्टी कानावर घेतील आणि वहीतल्या नोंदींशी ताडून बघतील. आपल्याकडं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकणारी पोरं रिकामी बसलीत. त्यांना एक मोटारसायकल आणि पेट्रोल द्या.

मी स्वतः जानेवारीपासून एक वही घातली आहे. दोनशे पानी, रेघांची. सकाळी ताकारीच्या बाजूला फिरायला जातो तेव्हा रस्त्यावर, ओढ्यात काही दिसलं, कोणी सांगितलं, तर लिहितो. तारीख, जागा, नर की मादी, कशानं मेलं, कोणी कळवलं का. आजवर नऊ नोंदी झाल्यात. त्यातलं एक सांबर आहे, बाकी चितळ. 'कळवलं' या रकान्यात सातांपुढं 'नाही' आहे. लोक मला सांगतात, कारण मी फॉरेस्टचा नाही आणि नाव विचारत नाही.

पहिल्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. पहिली नोंद २०१९ ची आहे, ती मागाहून लिहिली म्हणून शाई वेगळी दिसेल. मादी, गाभण, विहीर, उजवा कान फाटलेला. गट नंबर मी ब्लेडनं खरवडला आहे, तो वाचायचा प्रयत्न करू नये. पत्र छापलंत तर नावगाव छापू नये ही विनंती. भावाला अजून दाखवलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त स्लिपबॉय
ता. कडेगाव, जि. सांगली